पहिल्या हाकेची ओ

जिन्याखालच्या खोलीच्या दारात वृषाली लेकीला खांद्यावर टाकून उभी होती आणि चिंधानाना कुलपात तेल सोडता सोडता आपला फायदा जोखत होता.

फायदा लहान नव्हता. साठी उलटून गेली तरी या नावाने त्याला हसण्यापलीकडे काही मिळवून दिलं नव्हतं. रेशनच्या रांगेत, तलाठ्याच्या टेबलापाशी, सगळीकडे तेच. "नाव?" "चिंधा." "चिंधा? बरं, पुढं?" आणि आज भडगावच्या शाळेत शिकवणारी, डी.एड. झालेली बाई त्याच्याकडे तेच नाव मागायला आली होती. आपल्याकडचं फाटकं नाव द्यायचं आणि उपकारकर्ता व्हायचं, असा सौदा जळगावच्या बाजारात रोज होत नाही.

"आमच्या घरात असलं काही मानत नाहीत, नाना," वृषाली म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी जन्मभर गावाला हेच सांगितलं, अंगारे-धुपारे सोडा म्हणून. त्यांना कळलं तर मला उंबरा चढू देणार नाहीत."

"मी तरी कोठे मानस?" नाना म्हणाला. "मी फक्त मरनू नही, इतलंच."

हे मात्र खरं होतं. सोनगीरला त्याच्या आईची तीन मुलं ओळीने गेली. चौथा हा झाला तेव्हा तिने त्याला पसाभर ज्वारीवर शेजारणीला विकला, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच ज्वारीला परत विकत घेतला आणि नाव ठेवलं चिंधा. रस्त्यावरची चिंधी कोण उचलतं? त्यानंतर नानाला कधी साधा तापसुद्धा आला नाही. चंद्रकांता निवासात तो राखणदार म्हणून आला तेव्हा त्याची हीच एक गोष्ट सगळ्या आयांनी कान देऊन ऐकली.

कारण त्या घरात बाकी सगळ्यांना ताप होता. गौतमचंदशेठांनी बायकोच्या आठवणीत बांधलेली ती तीन मजली इमारत. शेजारच्या दवाखान्यात कॅन्सरचे उपचार घेणारी मुलं आणि त्यांचे आईबाप तिथे राहायचे. राहणं फुकट, दोन वेळचं जेवण फुकट. शेठांच्या घरात नाव लपवायची रीत नव्हती. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर संगमरवरात एकेका देणगीदाराच्या गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं होतं. वर जायचं तर पन्नासेक मयत माणसांवर पाय देऊन जावं लागे. सगळ्यात वरची पायरी तेवढी कोरी होती. तिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

आणि हाक जिन्यातूनच यायची.

भर दुपारी, कूलर घुरघुरत असताना, माणसं डोळे मिटून पडलेली असताना. एखाद्या मुलाचं नाव, एकदाच, स्वच्छ, शाळेत हजेरी घेतात तसं. आवाज बाईचा की बाप्याचा यावर आयांचं एकमत नव्हतं. शहाणे लोक म्हणत, दवाखान्यातल्या स्पीकरचा आवाज वाऱ्यावर येतो. पण दवाखाना आधी आडनाव घ्यायचा. जिना आडनाव घेत नसे. तिथेच उतरलेल्या केसरबाईच्या नातवाने, दीपकने, एका दुपारी "ओ" दिली आणि जिन्याकडे पळत गेला. महिनाभरात त्याची गादी उन्हात पडली. आता अशा घरात मुलं जातातच, त्याला हाक कशाला लागते, हेही खरं. पण गादी उन्हात घालणाऱ्या बाईला ते कोण समजावणार?

परवा दुपारी हाक आली होती समीक्षाच्या नावाची. वृषालीने लेकीचं तोंड वेळेवर दाबलं होतं.

नानाने मुलीच्या टकलावर तेलकट हात ठेवला. "हिन्हं नाव आजपाईन चिंधी. आनि आयक पोरी, पहिली हाक उनी ते ओ देवानी नही. मानूस व्हई ते परत हाक मारी. दुसरं काही व्हई ते एकदाच मारस."

"मी चिंधी नाही," समीक्षा म्हणाली. ती सात वर्षांची होती आणि पहिलीचं निम्मं वर्ष तिचं इथेच गेलं होतं. "मी समीक्षा. हजेरीत माझ्या नावाला मी सगळ्यात मोठ्यांदा 'हजर' म्हणते."

"हजेरी गई शाळामा," नाना म्हणाला. "आठे बठ्ठा गैरहजर."

इथे सगळेच गैरहजर, हे ऐकून पोरगी हसली. वृषालीला मात्र हसू आलं नाही.

महिन्याभरात घरातली सगळी नावं पालटली. कुणी धोंडी झाली, कुणी दगडू, एक गोरागोमटा इंजिनिअरचा मुलगा उखर्डू झाला. आया लाजत लाजत हाका मारायच्या आणि पोरं खदखदा हसायची. समीक्षाचा बाप प्रशील नरडाण्याच्या कारखान्यात फिटर होता. त्याने फोन केला, "समीक्षाला दे जरा."

"चिंधी झोपलीय," वृषाली बोलून गेली.

"कोण?"

"काही नाही. झोपलीय."

नानाचा भाव वधारला तो वधारलाच. त्याच्या चहात आता साखर विचारून घालत. तो पांढरा सदरा घालायला लागला. कधी नव्हे ती आपली हाक ऐकायला त्याला गोड लागायची, आणि ती ऐकायला मिळावी म्हणून तो कधीकधी मुद्दाम उशिरा ओ द्यायचा.

एप्रिलमध्ये चंद्रकांताबाईंच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम ठरला. मुलांना दप्तरं वाटायची होती. शेठांची सून विधी कागद घेऊन आली आणि प्रत्येकाचं नाव विचारून लिहू लागली.

"हे काय, धोंडी, दगडू?" ती म्हणाली. "खरी नावं सांगा हो. माईकवरून पुकारायची आहेत."

नाना शेठांकडे गेला. "शेठ, नावं नका घेऊ माईकवर. खोलीचा नंबर घ्या."

"अरे नाना, हे काय जेल आहे का?" शेठ म्हणाले. "देणारे समोर बसणार. कुणाला दिलं हे त्यांना समजायला नको? नाव तर घ्यावंच लागेल ना!"

"एक तरी सोडा शेठ. त्या मास्तरीणबाईच्या पोरीचं."

"का? तिला दप्तर नको?"

 समीक्षाला दप्तर हवं होतं. त्याहून जास्त, भर मांडवात कुणीतरी आपलं नाव घ्यावं, हे हवं होतं. पुढच्या आठवड्यात तिची मोठी तपासणी होती. पेशी सुधारल्या की नाही, ते त्यात ठरणार होतं. वृषालीने तिला चार वेळा बजावलं, "दुसऱ्यांदा पुकारलं की मगच उठायचं."

"आणि दुसऱ्यांदा नाही पुकारलं तर?"

"पुकारतील."

मांडवात चार मोठे कूलर लावले होते तरी माणसं घामाने निथळत होती. विधी एकेक नाव घेत होती. कुणी पहिल्या हाकेला उठत नव्हतं. देणगीदार कुजबुजले, "कानांवरही औषधाचा परिणाम होतो वाटतं." विधीला प्रत्येक नाव दोनदा घ्यावं लागत होतं आणि तिचा घसा सुकत चालला. पाच-सहा नावं झाल्यावर तिने माईक टेबलावर ठेवला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"समीक्षा," कर्णा म्हणाला.

स्वच्छ. एकदाच.

विधीच्या तोंडाला बाटली होती. माईक टेबलावर आडवा पडला होता. वृषालीने हे दोन्ही पाहिलं आणि ती लेकीकडे वळली. शेजारी समीक्षा उठून उभी राहिली होती. तिचा हात वर गेला होता, छाती भरून आली होती, सगळ्यात मोठ्यांदा म्हणायचं म्हणून तिने तोंड उघडलं होतं.

"ओ!"

ओ मागून आली. चिंधानाना मांडवाच्या खांबापासून निघाला आणि खुर्च्यांमधून ताठ चालत व्यासपीठाकडे आला. "ओ, मीच समीक्षा. आणा दप्तर."

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. शेठसुद्धा हसले.

"नाना, मी अजून ते नाव घेतलंच नाही," विधी चिडून म्हणाली. "पाणी पीत होते मी."

"मी आयकं ना," नाना म्हणाला. "माले आयकू उनं."

त्याने फुलपाखराचं गुलाबी दप्तर दोन्ही हातांनी घेतलं, फोटोवाल्याकडे पाहून उभा राहिला, आणि खाली येऊन ते समीक्षाच्या मांडीवर ठेवलं. ती रडत होती. "माझं नाव होतं ते," ती म्हणाली.

"तुनंच शे. मी जराखं वापरं."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा, हातात फुलपाखराचं दप्तर, आणि खाली छापलेलं: दप्तर स्वीकारताना कु. समीक्षा. सगळं घर तो पेपर घेऊन फिरलं. नानाने तो नीट घडी घालून खिशात ठेवला. "छापी उनं," एवढंच म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही.

समीक्षाचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. ते खरंच होतं. वृषाली शिकलेली होती, तिला ते पटतही होतं. पण मांडवातल्या त्या दिवसापासून जिना गप्प झाला होता, हेही तिला कळत होतं. कुठल्याच पोराची हाक येईना. आया पुन्हा खरी नावं घ्यायला लागल्या. नानाला मात्र ताप आला. आयुष्यातला पहिला.

"दवाखान्यात चला नाना," वृषाली म्हणाली. "शेजारीच तर आहे."

"काय नाव लिखतीन ते माय?" नानाने विचारलं. "माले आते समजत नही, कोनतं सांगू."

मेच्या एका दुपारी उकाड्याने वृषालीला झोप येईना. कूलर घुरघुरत होता. समीक्षा शेजारी घोरत होती, डोक्यावर तीळभर केस उगवलेले. आणि जिन्यातून हाक आली.

"समीक्षा."

वृषालीने लेकीच्या तोंडावर हात ठेवला. पण खालून, जिन्याखालच्या खोलीतून, दार उघडल्याचा आवाज आला. मग नानाचा आवाज, कुणी ओळखीचं दारात आलं की निघतो तसा: "ओ. उनू, उनू. कुलूप लाई लेवू दे."

कडी वाजली. पावलं जिना चढू लागली, तिच्या दारावरून गेली, वर गेली. ती उठली नाही. तिला उठता आलं असतं.

चहाच्या वेळी नाना वरच्या कोऱ्या पायरीवर बसलेला सापडला. पाठ भिंतीला, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. डॉक्टरांनी ऊन सांगितलं, त्या आठवड्यात पारा पंचेचाळीसच्या वर होता. शेठ मनापासून हळहळले आणि म्हणाले, ही पायरी आता नानाच्या नावाने कोरू.

"नको शेठ," वृषाली म्हणाली. "त्यांचं नाव कुठे लिहू नका."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीचा वर्ग वृषालीकडेच होता आणि समीक्षाला पहिलीतच पुन्हा बसवलं होतं. तिसऱ्या बाकावर ती, डोक्याला रुमाल, पायाशी फुलपाखराचं दप्तर. वृषाली हजेरी घेत खाली आली आणि थांबली. कित्येक महिने तिने ते नाव कुणाला ऐकू जाईल असं उच्चारलं नव्हतं.

"समीक्षा."

 वर्ग वळून पोरीकडे बघू लागला. ती दाराकडे बघत होती. तिथून कुणीच ओ दिली नाही.

"समीक्षा," आई पुन्हा म्हणाली.

"हजर!"

औषधाचं सरकारी योजनेने आणि लोकांनी मिळून भागवलं. राहण्या-जेवण्याचं गौतमचंदशेठांनी, दप्तराचं त्यांच्या सुनेने. पहिल्या हाकेचं तेवढं सोनगीरच्या चिंधाने दिलं होतं, आणि तेही उसन्या नावावर.