बारापैकी सात टोले

बडवल्याशिवाय तोंड उघडायची मला सवय नाही. पण परवा इथं संग्रहालयात एक शाळा आली. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि "याचं आत्मवृत्त लिहून आणा" असं फर्मान सोडलं. साठ पोरांनी माझ्याखालच्या पाटीवरची थाप जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली. आता गप्प बसलो तर साठ घरांत खोटं जाईल. म्हणून नाइलाजानं बोलतोय.

मी छावणीच्या पहारेघरापुढचा पितळी तास. थाळ्याएवढा गोल, बोटभर जाड. जितके वाजले तितके टोले लाकडी मोगरीनं माझ्यावर हाणायचे आणि छावणीनं त्यावर जेवायचं, झोपायचं. शिक्षण विचाराल तर एक ते बारा. त्यापुढचं मला येत नाही, कधी लागलंही नाही.

जन्म सियालकोटचा. तिथल्या कासारानं मला ओतलं आणि पाठीवर गावाचं नाव इंग्रजीत कोरलं. त्या नावानंच पुढं माझा घात केला.

तेव्हा तिथं एकच फौज होती. पहाऱ्यावर दोघे जण जोडीनं असायचे. हवालदार गज्जन सिंग आणि नायक फजल दाद. गज्जन बोलका. फजल दाद माझ्यासारखा, कामापुरतं तोंड उघडणारा. तासाचा कायदा मात्र दोघांना पाठ होता. टोले सुरू झाले की मधे थांबायचं नाही. मग लाटसाहेब येवोत नाहीतर आग लागो. आधी टोले पुरे, मग सलाम.

एकदा अकराचे टोले चालू असताना खरंच जनरलची मोटार फाटकात आली. फजल दादचे पाचच झाले होते. त्यानं मान वळवली नाही. उरलेले सहा सावकाश दिले, मोगरी खुंटीला लावली आणि मग टाच आपटून सलाम ठोकला. जनरल उन्हात उभाच.

"मेलास तू आज," गज्जन कुजबुजला.

"अर्धवट वाजवलं असतं तर मेलो असतो," फजल दाद म्हणाला.

जनरल हसून आत गेला. तेव्हाच्या बड्यांना एवढी अक्कल होती.

मग सत्तेचाळीस साल आलं. फौज वाटली. खुर्च्या, तंबू, बँडचे ढोलसुद्धा यादी करून वाटले. माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. लटकलेल्या माणसाला कोण विचारतो! गज्जनची कंपनी पूर्वेला निघाली, फजल दादची तिथंच राहणार होती. निघायच्या दिवशी फजल दादनं दुपारचे बारा वाजवले. पुरे बारा. मग मला खाली उतरवलं, आपल्या घोंगडीत गुंडाळलं आणि गज्जनच्या ट्रकात ठेवलं.

"अरे, हे काय करतोस?" गज्जन म्हणाला. "इथं वेळ कोण सांगणार?"

"आम्ही घड्याळ बघू. तू नवीन जागी जातोयस. तिथं निदान आवाज तरी ओळखीचा असू दे."

"यारा, वेडा आहेस तू."

"घोंगडी परत पाठव म्हणजे झालं."

घोंगडी काही परत गेली नाही. सरहद्द मधे आली ना.

इकडे पश्चिमेची सरहद्द सांभाळायला नवी कमांड उभी राहिली, आणि तिच्या मुख्यालयाच्या फाटकात मी टांगला गेलो. कमांडचं बिऱ्हाड आधी मैदानात, मग देवदारांच्या डोंगरावर, मग पुन्हा खाली पायथ्याला. दर वेळी फाईली आधी आणि मी शेवटच्या ट्रकात. कमांडर आले, गेले. सगळ्यांचे फोटो भिंतीवर आहेत. त्यांना वेळ कोण सांगत होतं, त्याचा फोटो नाही. पासष्टात गज्जन आणि फजल दाद समोरासमोरच्या फौजांत होते. एरवी दोघांची एकमेकांना पत्रं चालायची, ती त्या साली थांबली. एकाहत्तरात परत थांबली. ती पुन्हा सुरू झाली की फजल दादच्या पत्रात शेवटची ओळ ठरलेली असायची, "तास वाजतो ना?" पेन्शनीत गेल्यावरही गज्जन कमांडच्या स्थापनादिनाला दर वर्षी यायचा, माझे बाराचे टोले उभं राहून मोजायचा आणि गावी जाऊन उत्तर लिहायचा, "वाजतो."

कमांडला पन्नास वर्षं झाली आणि एका मेजरला तिचा इतिहास लिहायचं काम मिळालं. हुशार म्हणे. त्यानं माझी पाठ वाचली. सियालकोट! झालं. मला फाटकातून काढून संग्रहालयात दोरीमागं टांगलं, मोगरी काचेच्या पेटीत घातली आणि खाली पाटी लावली, "शत्रूकडून जिंकलेला तास, १९७१."

जिंकलेला! मी काय रस्त्यात सापडलो?

स्थापनादिनाला गज्जन आला. फाटकातला रिकामा खांब बघून मला शोधत आत आला. पंचाहत्तरीचा, हातात गाठीची काठी. पाटी वाचली आणि तडक तिथं उभ्या मेजरकडे वळला.

"साहेब, हा जिंकलेला नाही. दिलेला आहे. माझ्या मित्रानं."

"बाबाजी, पाठीवर सियालकोट आहे," मेजर म्हणाला.

"असणारच. सियालकोट तेव्हा आपलीच छावणी होती, पुत्तर. मी तिथंच भरती झालो."

"काही कागद आहे?"

"घोंगडी होती. झिजून गेली."

मेजरबरोबरचे लोक हसले. मेजर म्हणाला, "बाबाजी, पुस्तक छापखान्यात गेलं. आता पाटी बदलली तर पुस्तक खोटं पडेल."

"आणि बदलली नाही तर फजल दाद खोटा पडेल त्याचं काय? त्यानं हातानं दिलं आणि तुम्ही त्याला लुटलेला ठरवता! वर्षाचं पत्र लिहायचंय मला. काय लिहू त्याला?"

मेजरनं घड्याळ बघितलं. बारा वाजत आले होते. पाहुणे बाहेर ताटकळत होते. "चला बाबाजी, बडाखान्याचं जेवण थंड होतंय."

गज्जननं दोरी ओलांडली आणि काठीच्या गाठीनं माझ्यावर पहिला टोला हाणला.

काय सांगू! कितीतरी महिन्यांनी अंगातून आवाज निघाला. दोन. तीन. बाहेरचे म्हातारे सरदार सवयीनं ताठ उभे राहिले. पाच. सहा. सात.

आणि मेजरनं काठी धरली.

"वस्तूंना हात लावायचा नाही!"

जेवताना पुढचं ताट ओढणाऱ्याकडे बघावं, तसं गज्जननं त्याच्याकडे बघितलं. "सात झालेत," तो म्हणाला. "पोरा, सातच झालेत. सोड." मेजरनं सोडली नाही. दोन जवानांनी म्हाताऱ्याला हळूच धरून बाहेर नेलं. जेवला नाही तो. पुढच्या वर्षी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फजल दादला त्यानं काय लिहिलं, मला कळलं नाही. 'वाजतो' लिहिलं असेल तर खोटं, आणि 'वाजत नाही' लिहायला त्याचा हात वळला नसता.

पाटी तिथंच आहे. दर आठवड्याला पुसतात, चकचकीत असते.

पोरांनो, वहीतली ती ओळ खोडा. दिलेला, असं लिहा. आणि कुणाचा हात पोचत असेल तर माझे उरलेले पाच टोले देऊन टाका. ते आत अडकलेत आणि मला धड गप्प बसू देत नाहीत. माफी मात्र तुमच्याकडून नको. ती ज्याच्याकडे बाकी आहे तो आता ब्रिगेडियर होऊन पाहुण्यांना घेऊन याच दोरीपुढं उभा राहतो आणि मला जिंकल्याची गोष्ट रंगवून सांगतो. हुद्दा वाढला असेल त्याचा. माझ्या लेखी तो अजून सातव्या टोल्यावर काठी धरून उभा आहे, मेजर तेजिंदर ढींडसा.