हिरवा चुडा

तानीनं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, पाठीवर हलकेच थोपटलं, तसं ते अंग ताठ करून आणखीच किंचाळलं. आठ महिन्यांचा जीव, पण आवाज थेट बदलापूरच्या स्टेशनापर्यंत जावा असा.

कौसाबाई उंबऱ्याशी बसून पाहत होती. तिची लेक अंजनी बाळंतपणात गेली, तेव्हापासून हा नातू तिच्याच मांडीवर वाढला. आता जावयानं दुसरं लग्न केलं होतं. अंबरनाथला आगपेटीच्या कारखान्याजवळ त्याची खोली होती, आणि आज नव्या बायकोला, तानीला, घेऊन तो लेकाला न्यायला आला होता.

"आजीबिगर कुनाकडं ऱ्हात नाय तो," शेजारची गोजरबाई दारातून म्हणाली. "मी घेतला तरी असाच वराडतो. रगत वळखतंय पोर."

तानीनं मान खाली घातली. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं.

"आई," महिपती हळूच सासूला म्हणाला, "चारची गाडी जाईल. ऱ्हाऊ दे त्याला हितंच. जरा मोठा झाला का बघू."

हेच ऐकायला कौसाबाईचे कान आसुसले होते. आता नुसतं गप्प बसायचं होतं.

पोर का रडतंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कपाळ पुसलं गेल्यापासून तिचे हात मोकळे, आणि पोराला तेवढेच हात माहीत. कुणी सवाष्ण घ्यायला आली की कानाशी काकणं किणकिणत आणि ते दचकून रडे. लोक म्हणत, आजीवेडा आहे. कौसाबाईनं खरं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकायला गोड लागे.

तानीच्या हातांत लग्नाचा चुडा होता, मनगटापासून पार वरपर्यंत हिरवागार.

देवळात बुवांनी देवकीचं आख्यान लावलं, तेव्हा कौसाबाईनं रडून पदर भिजवला होता. पोर दुसरीच्या ओटीत घालणारी माउली ती, म्हणून टाळावर मान डोलवली होती. दुसरीचं पोर, डोलवायला काय जातं?

"माझं काय चुकतंय, आई?" तानीनं पोराला हलवत विचारलं. "सांगा ना."

कौसाबाई उठली. दांडीवरच्या जुनेराच्या तिनं दोन पट्ट्या फाडल्या आणि तानीजवळ येऊन थबकली. विधवेनं नव्या नवरीच्या चुड्याला हात लावू नये.

"गोजरे, हिच्या काकनांवर बांध या," ती म्हणाली. "वाजली का भितो तो. दुसरं काय नाय."

गोजरबाई पुढं व्हायच्या आत तानीनं आपला हात कौसाबाईपुढं धरला.

"तुमीच बांधा."

"अगं, मी बोडक्या हातांची बाई..."

"बांधा, आई."

वेढ्यावर वेढे बसत गेले. मग दुसऱ्या हातालाही. तानीनं पुन्हा थोपटलं. पोराचा हुंदका लांबला, तुटला, आणि त्यानं तिच्या मानेत तोंड खुपसलं.

महिपतीनं गाठोडं उचललं. अंगणातून तानी मागं वळली.

"हे किती दिस ठेवू?"

"रोज येकेक काकन मोकळं करत जा," कौसाबाई म्हणाली. "म्हैन्याभरात सवय होईल. मंग त्याला वाजल्याबिगर झोप यायची नाय."

ती दोघं वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन आढ्याला बांधलेली पोराची झोळी सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, दोन्ही हात तिच्याशी झटत होते, आणि घरात कसलाच आवाज नव्हता.