सुनावणीचा माईक

मित्रांनो, मी एका सरकारी सभागृहातला जुना माईक आहे आणि खरं सांगायचं तर आता पार थकलो आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, मानेला चिकटपट्टी गुंडाळली आहे. "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या पोटातल्या बारीक तारा जोडल्या, हळूच एक फुंकर मारली आणि "बोलतोय हा" म्हणून मला खोक्यात ठेवलं. इथे आल्यावर सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. काय खणखणीत आवाज येतो, म्हणायचे. मीही हुरळून गेलो. पण बोलणारे तेच आणि बोलणंही तेच. सत्कार, आभार, पुन्हा सत्कार. कोणी मला गिळायला निघाल्यासारखं तोंडाशी धरायचं, कोणी बोटाने डोक्यावर टकटक करायचं. मी निमूटपणे सगळं पोचवत राहिलो.

मग एकदा डोंगरावरची माणसं सुनावणीला आली. त्यांचे पूर्वज तिथलेच, त्यांची बोलीही तिथलीच. त्या डोंगरात दगडाची खाण निघणार होती. खाण झाली की झरा आटणार आणि झऱ्याकाठची त्यांची सगळी घरं उठणार. त्यांच्यात वयाने सर्वांत मोठी एक म्हातारी होती. सगळे तिला आत्या म्हणत. खाली माईकमध्ये बोललेलं सगळं सरकारकडे जातं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून ती गुडघे दुखत असतानाही डोंगर उतरून आली होती.

साहेबांनी खाणीची माहिती वाचली आणि विचारलं, "कोणाची काही हरकत आहे का?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा घड्याळ पाहिलं. शेजारचा कारकून कुजबुजला, "बुजरी माणसं आहेत साहेब. ती काय बोलणार?"

"म्हणजे हरकत नाही," साहेब म्हणाले आणि उठले. ऑपरेटरने माझं बटण बंद केलं.

तेव्हा आत्या उठली. सावकाश माझ्यासमोर आली आणि बोलू लागली. झऱ्याचं पाणी कुठून येतं, कोणाची बाळंतपणं त्या पाण्यावर झाली, आईला कुठे पुरलं, सगळं सांगितलं. मला इतकं वाईट कधी वाटल्याचं आठवत नाही. एवढं मोलाचं बोलणं माझ्यापुढे आलं आणि माझ्या अंगात वीजच नव्हती.

ऑपरेटर वायर गुंडाळता गुंडाळता थांबला. "आत्या, बंद आहे हो तो. मघाशीच बोलायचं ना."

"लगेच कसं बोलणार?" आत्या म्हणाली. "एवढं मोठं विचारलं त्यांनी. आमच्यात मोठ्या प्रश्नाला आधी गप्प बसतात. लगेच तोंड उघडलं तर विचारणाऱ्याचा अपमान होतो."

ऑपरेटर धावत साहेबांकडे गेला, पण साहेबांची गाडी निघून गेली होती.

नंतर त्या माणसांनी कचेरीत इतके हेलपाटे घातले की त्यांच्या चपला झिजल्या. शेवटी पुन्हा सुनावणी लागली. तेच साहेब, तोच मी.

"कोणाची काही हर—"

"आहे," आत्या म्हणाली. "हरकत आहे."

मागे बसलेल्या तिच्या भावाने कपाळावर हात ठेवला. "ताई, जरा थांबायचं तरी."

"मागच्या वेळी थांबले होते," ती म्हणाली. मग ती भराभर बोलली, शहरातल्या माणसांसारखी. झऱ्याचं बोलली, घरांचं बोलली. आईचं काही बोलली नाही. त्याला वेळ लागला असता. मी शब्दन् शब्द पोचवला. खाण थांबली.

साहेबही खूश झाले. मनाने ते वाईट नव्हते. म्हणाले, "बघा, किती छान बोललात! तेव्हाच असं बोलला असतात तर? आता शिकलात तुम्ही."

आत्याने मान खाली घातली. तिच्या मागे सगळ्यांनीच घातली. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली आणि पुढचा विषय पुकारला.

मित्रांनो, या वेळी मी चालू होतो. ती माणसं गप्प होती, ते मला नीट ऐकू येत होतं. आता मला अडगळीत ठेवलं आहे आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. पण तुम्ही कधी कोणाला मोठा प्रश्न विचाराल, तेव्हा समोरचं माणूस गप्प राहिलं, तर कृपा करून उठू नका. बसा थोडं. त्याचं उत्तर सुरू झालेलं असतं.