सोसायटीने दत्तक घेतलेला ओढा

पुण्याच्या कडेला एका उंच सोसायटीने शेजारचा ओढा दत्तक घेतला. म्हणजे काठावर सोसायटीच्या नावाचा भलामोठा फलक लावला, रहिवाशांना टी-शर्ट वाटले आणि प्लास्टिक उचलतानाचे फोटो काढले. पाहुण्यांसमोर ओढा स्वच्छ झाल्याचं जाहीर करायचा कार्यक्रमही ठरला. त्याआधी उरलं होतं ते फक्त पाणी शुद्ध झाल्याचं प्रमाणपत्र.

त्यासाठी अध्यक्ष श्रीनिवास यांनी सदाशिव पेठेतल्या वासंतीबाईंना गाठलं. बाईंची नोकरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली होती. निवृत्तीनंतर त्या सल्ला फुकट देत, आणि अपमानही. श्रीनिवास नमुन्याची बाटली देऊन गेले. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"पाणी उत्तम आहे."

"सांगत होतो ना!"

"फक्त ते ओढ्याचं नाही. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं दिसतंय."

"अहो, भरताना कुणाची तरी चूक झाली असेल."

"चूक कसली, चांगली गाळून केलीय. मीच येते."

बाई स्कूटरवरून ओढ्यावर पोचल्या. पाणी काळं, वर फेस, आणि वास असा की त्यांनी पदर नाकाला लावला. ओढ्याकाठच्या गावातल्या वेणूबाईंनी आपल्या म्हशी काठापासून लांब बांधल्या होत्या.

"हे पाणी पिऊन माझी रेडी मेली," वेणूबाई म्हणाल्या. "त्या सोसायटीच्या भिंतीखालनं येतंय. इचारलं तर म्हनत्यात, तुमच्या गावाचीच घाण हाय."

श्रीनिवासांनी बाईंनाही तेच ऐकवलं. "आमचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प अखंड चालू असतो. गावातल्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही, त्याला आम्ही काय करणार?"

प्रकल्पाच्या खोलीला कुलूप होतं. आत पंप चालू असता तर घरघर ऐकू आली असती. आली नाही. बाईंनी मान डोलावली आणि वाद घातला नाही. मेलेल्या रेडीचा विषय मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या लवकर आल्या, क्लबहाउसच्या स्वच्छतागृहात जाऊन आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. श्रीनिवास माइकवर "ओढा ही आपली माता आहे" इथवर आले, तोच काठावर गलका झाला. भिंतीखालच्या पाइपमधून झगझगीत हिरवं पाणी बदाबदा येत होतं.

"कुणीतरी केमिकल सोडलं!" श्रीनिवास ओरडले.

वासंतीबाई उठल्या. "मी सोडलं. पाण्याचा माग काढायचा रंग आहे, निरुपद्रवी. मघाशी तुमच्या संडासात ओतला. प्रकल्प चालू असता तर टाक्यांतून फिरून यायला त्याला पुष्कळ वेळ लागला असता. इथे तर तुमचं भाषणही संपलं नाही. मातेला रोज काय पाजता, ते पाहुण्यांनाही कळू द्या."

टी-शर्ट घातलेल्या रहिवाशांनी आधी ओढ्याकडे पाहिलं, मग आपापल्या बुटांकडे. वेणूबाई मोठ्याने हसल्या. हिरव्या पाण्याचे व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचले.

वीज वाचवायला बंद ठेवलेला प्रकल्प दुसऱ्या दिवशी सुरू झाला. वासंतीबाई अधूनमधून स्वतःची बाटली घेऊन येत आणि नमुना स्वतःच भरत. आधी वास गेला, मग फेस. हिवाळा सरता सरता पाण्यावर चतुर भिरभिरू लागले आणि वेणूबाईंच्या म्हशी खुशाल डुंबू लागल्या.

श्रीनिवासांना पर्यावरणाचा पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी बाईंना सन्मानाने आमंत्रण दिलं.

"यायला जमणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे तिकडे टाळ्या वाजवत असाल, तेव्हा इकडे पंप कोण बघणार?"