पहिला नंबर गोजरबाईचा

बायको गोजरबाई गेल्याचं सर्जेरावला सकाळी दहाला कळलं. ती बहिणीकडं कन्हेरीला गेली होती. साडूचा फोन आला तेव्हा तो बावड्याच्या रानात उसाला पाणी देत होता. "चहा पिता पिता बसल्या जागी गेली," एवढंच साडू बोलला. सर्जेरावनं मोटार बंद केली, पाय धुतले, आणि मग पुढं काय करायचं ते त्याला सुचेना.

तेराव्यानंतर चार दिवसांनी तिचा मोबाइल वाजला. बारामतीच्या शोरूममधली राजेश्वरी बोलत होती. "गोजरमावशी, आपल्या गाडीची पुन्हा बातमी आलीय!"

सर्जेरावला बायको गेल्याचं सांगवेना. "येतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

गाडी म्हणजे घरातला जुना वाद. एक कंपनी स्वस्तातली स्पोर्ट्स कार आणणार, अशी दोन वर्षं नुसती आवई होती. दोन दारं, बुटकी, पळायला भन्नाट. कुणी म्हणे दसऱ्याला येणार, कुणी म्हणे येणारच नाही. गोजरबाई पन्नाशी उलटलेली, ट्रॅक्टर चालवणारी. मोबाइलवर त्या गाडीची अंदाजानं काढलेली चित्रं बघत बसायची.

"अगं, तिच्यात बसायला आडवं व्हावं लागंल."

"जन्म गेला खुरपताना वाकून. मला जमंल. तुमी टपावर बसा."

एक दिवस तिनं शोरूमच गाठलं. ऊस लावला की कारखान्याकडं लगेच नोंद करायची, ज्याची नोंद आधी त्याची तोड आधी, हे तिच्या अंगात मुरलेलं. अजून निघालीच नाही त्या गाडीचीही ती नोंद करून आली, आणि पहिला नंबर लागल्याचं गावभर सांगितलं.

शोरूममध्ये सर्जेराव उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, ती गेली. पण तिचा नंबर कापू नगा. उसाची नोंद वारसाच्या नावावर चढती. तशी ही चढंल का?"

राजेश्वरीनं त्याला खुर्ची दिली. तिनं पर्समधून डायरी काढली. "आबा, खरं सांगू? अशी यादीच नसते. कंपनीनं अजून गाडीचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. मावशी हटूनच बसल्या, म्हणून मी माझ्या डायरीत लिहून घेतलं."

पानावर एकच नाव होतं.

"म्हंजी दुसरा नंबर कुणाचाच न्हाय?"

"नाही."

"मग पहिलाच की!" सर्जेराव हसला. "तिला हे कळलं असतं तर तुझं काय खरं नव्हतं, पोरी." हसू काही थांबेना, तेव्हा राजेश्वरीनं पाण्याचा ग्लास पुढं केला.

मग तिनं पेन उघडलं. "मावशींचं नाव खोडून तुमचं घालू?"

त्यानं डायरी मिटून तिच्याकडं सरकवली. "आज नगं. पुढच्या खेपेला."

त्यानंतर तो तीनदा बारामतीला गेला. प्रत्येक वेळी शोरूममध्ये चहा घेतला, बातमी विचारली आणि परत आला. गाडी अजून आलेली नाही. गोजरबाईचं नाव खोडून सर्जेरावचं घालायचं अजून राहिलं आहे.