मगरीचे दात

भिंत रंगवण्याआधी तिच्याशी ओळख करून घ्यावी, असं ठिपकीचं मत होतं. म्हणून आत्याच्या दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवरून पहिल्या दिवशी तिने नुसता हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सुटलेले पोपडे पत्र्याने खरवडले. मग प्रायमर फासला आणि तो वाळेपर्यंत समोरच्या फुटपाथवर जाऊन बसली.

"चित्र जवळून काढतात, पण लोक बघतात लांबून," तिने आत्याला समजावलं. "त्यामुळे मधूनमधून रस्ता ओलांडून बघायचं."

"दोन्हीकडे बघून ओलांड," आत्या म्हणाली. आत्या दातांची डॉक्टर होती. भाचीवर तिचा विश्वास होता, गाड्यांवर नव्हता.

घरमालक आजोबांची परवानगी आत्यानेच मिळवली होती, तीही लेखी. तोंडी परवानगी पहिल्या पावसात धुऊन जाते, असा ठिपकीचा आणखी एक सिद्धांत होता. आजोबांनी सही केली आणि खाली एक ओळ वाढवली: एका जरी पेशंटने तक्रार केली, तर भिंत पुन्हा पांढरी.

ठिपकीची ही पहिलीच भिंत. याआधी तिने फक्त घरचा फ्रिज रंगवला होता, तोही न विचारता.

भिंतीच्या मधोमध दवाखान्याचं दार होतं. भिंतीत जे आहे ते लपवत बसू नये, कामाला लावावं, म्हणून ठिपकीने दाराभोवती मगरीचा उघडा जबडा काढला. माप बिघडू नये म्हणून आधी खडूने चौकोन आखले होते. खाली गुडघाभर उंचीचा गडद हिरवा पट्टा दिला. चिखल उडाला तर शेवाळ समजावं. दात मोजून चार. मगर प्रेमळ होती.

मगर पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढा किडलेली एक छोटी पोरगी दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. "मी नाही जाणार तिच्या पोटात," ती म्हणाली. आई ओढत होती, खांब सोडत नव्हता.

आत्याचे दोन्ही हात तेव्हा एका गृहस्थांच्या तोंडात होते. तिने आतूनच दवाखान्यातल्या मावशींना सांगितलं, "ठिपकीला म्हणावं, मगरीचे सगळे दात काढ. आजच्या आज."

मावशींनी निरोप शब्दन् शब्द पोचवला. ठिपकीला भरून आलं. चार दात तिलाही कमीच वाटत होते. संध्याकाळपर्यंत तिने साठ काढले. एका दाढेत चंदेरी रंग भरला, आत्याच्या पेशाचा मान म्हणून.

आत्या बाहेर आली. वळून बघितलं.

"हे काय?"

"काढले."

"काय काढले?"

"दात. सगळे. तूच म्हणालीस ना?"

आत्याने हातमोजे उतरवले. "ठिपके, अगं मी इतकी वर्षं दात काढतेय. काढले की ते कमी होतात."

"माझ्या धंद्यात वाढतात."

आत्याने ओठ घट्ट मिटले. हसली असती तर रागावणं वाया गेलं असतं. ठिपकीला मात्र हसू आवरेना.

"दात काढू नकोस," आत्या म्हणाली.

ठिपकीने ब्रश खाली ठेवला.

पुढच्या दिवशी खांबवाली पोरगी पुन्हा आली आणि खांबाकडेच निघाली. ठिपकीने हिरड्यांसारखा गुलाबी रंग कालवून डबा तिच्यापुढे धरला. "तू खुर्चीत बसून ये. मग मगरीचा एक दात तू काढ. म्हणजे पुसून टाक. नीट सांगितलेलं बरं."

पोरगी मगरीच्या तोंडातून आत गेली, रडून बाहेर आली आणि मगरीचा सुळा गुलाबी रंगाखाली गाडून टाकला. बातमी शाळेत पोचली. दुपारी दवाखान्यापुढे रांग लागली. एकाचे दात चांगले होते. त्याचं म्हणणं, मगरीचा एक हलतोय.

आठवडाभरात तक्रार झालीच. ब्रश फक्त लहान मुलांनाच का देतात, असं एका पोक्त पेशंटने घरमालकांना विचारलं.

अटीप्रमाणे आजोबा चुन्याची बादली घेऊन हजर झाले. आत्या दारात आली, पण अटीच्या कागदावर तिचीही सही होती. ठिपकी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

रांगेत खांबवाली पोरगी होती, दुसऱ्या दाढेसाठी. "आजोबा, रांगेत या," ती म्हणाली. "आणि पांढरा नको. पांढऱ्याने तिला परत दात येतील."

आजोबांनी बादलीत बघितलं. मग मगरीकडे बघितलं. तिच्या तोंडात आता मोजके वीसेक दात उरले होते. मुद्दा बिनतोड होता.

"मग गुलाबी द्या," ते म्हणाले.

"आधी खुर्चीत बसावं लागतं."

आजोबा मगरीच्या तोंडात शिरले. बाहेर आले तेव्हा गालात कापूस होता, त्यामुळे तक्रारीचा विषय काढता येण्यासारखा नव्हता. ठिपकीने त्यांच्या हातात ब्रश दिला.

"पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा. एकदम जाड दिला की ओघळतो."

आजोबांनी मान डोलावली आणि बराच विचार करून डावीकडची दाढ निवडली.