मशीन चालू शे

जळगावच्या मेहरूणमधल्या त्या दोन खोल्यांत झुलालने आपल्या अहिराणीत "मशीन चालू शे" म्हटलं, की कमलबाई हातातलं भांडं हातातच धरून थांबायची. कढईत तेल तापलेलं असलं तरी फोडणी पडायची नाही. लग्नानंतर तिने नवऱ्याचे बरेच हुकूम ऐकले असतील, पण इतका मनापासून पाळलेला हुकूम दुसरा नसेल.

झुलाल मूळचा पारोळ्याकडचा. जळगावच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मग व्हिडिओ आले, गणपतीत लोक पडद्यावर सिनेमे बघायला लागले आणि ऑर्केस्ट्रा बसला. कुणी बँडपथकात गेलं, कुणी पानटपरी टाकली. झुलाल मात्र हट्टाला पेटला. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्याने मोठ्या चकत्यांचे दोन टेपरेकॉर्डर आणले, टेबलाच्या दोन टोकांना ठेवले आणि एकच फीत पहिल्यातून दुसऱ्यात सोडली. पहिलं मशीन त्याचं वाजवणं टिपायचं. फीत सरकत दुसऱ्यापर्यंत पोचली की तेच सूर कर्ण्यातून परत यायचे. दुसऱ्यातून एक वायर मागे पहिल्यात नेलेली, म्हणून परत आलेला सूरही पुन्हा टिपला जायचा. त्यावर झुलाल नवा सूर चढवायचा. थर चढत चढत एकट्या माणसाचे चार-पाच गिटारवाले व्हायचे. ऐकताना अंगावर काटा यायचा, हे त्याच्या दुष्मनानेही कबूल केलं असतं.

पण गिटार साधी, लाकडी. समोर माइक ठेवावा लागे, आणि माइकला कुठे कळतं, सूर कोणता नि भांडं कोणतं? एकदा कमलबाईला ठसका लागला. तो ठसका फिरून आला, पुन्हा आला, पुन्हा आला. झुलालने वाजवणं थांबवलं, मशीन मात्र चालूच ठेवलं.

"आयक," म्हणाला. "तुन्हा खोकला आयक."

ती मान खाली घालून ऐकत उभी राहिली. मग त्याने ब्लेडने तेवढी फीत कापली आणि बंबात टाकली.

त्यानंतर कमलबाई घरात कधी खोकली नाही. खोकला गेला, अशी झुलालने समजूत करून घेतली. तार जरा उतरली तरी या माणसाच्या कपाळाला आठी पडायची. असल्या कानांचं काय लोणचं घालायचं होतं?

त्यात धुळ्याच्या एका संगीत मंडळाचं बोलावणं आलं. हे जमलं तर नाव होईल, नाही जमलं तर मुकाट्याने वरातीत वाजवायला जाईन, असं झुलालने ठरवलं आणि दिवस दिवस मशीन चालू राहू लागलं. कमलबाई खोकायला शेजारच्या पार्वताबाईंच्या ओट्यावर जायची. अखेर पार्वताबाईंनीच झुलालला दारात गाठलं.

"भाऊ, कमलले डाक्टरले दखाडा. मन्हा वट्टावर बशीसन खोकस ती."

धुळ्याहून आलो की नेतो, तो म्हणाला. वर, घरात तर ती खोकत नाही, हेही ऐकवलं.

धुळ्यात कार्यक्रम रंगला. लोकांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. गळ्यातला हार पिशवीत घालून झुलाल एसटीने परत आला तर घराला कुलूप. कमलबाईला रक्ताची उलटी झाली होती आणि पार्वताबाईंनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. तो तिथे पोचला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, खोकला किती दिवसांपासून आहे?

"तिला खोकला नाही," झुलालने सांगितलं.

पार्वताबाईंनी तोंड फिरवलं. झुलालला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. रडला, पण त्याचा आता काय उपयोग होता? दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी न्यायला सांगितलं.

घरी ती खाटेवर पडून असायची आणि झुलाल जुन्या फिती लावून ऐकायचा. इतक्या वर्षांच्या फितींत कमल कुठेच नव्हती. हाक नाही, हसू नाही, बांगडीसुद्धा नाही. सगळं त्यानेच निपटून काढलेलं. तेव्हा त्याला नको ते सुचलं. एका दुपारी तिचा डोळा लागलेला असताना त्याने माइक खाटेखाली सरकवला, कर्ण्याचा आवाज बंद केला आणि मशीन सुरू केलं.

ती जागी झाली. खोकल्याची उबळ आली, तसा तिने पदराचा बोळा तोंडात धरला. छाती हलत होती, आवाज नव्हता.

"मशीन बंद शे, कमल," झुलाल म्हणाला. "खोक तू. काहीतरी बोल."

कमलबाईने मान वळवून टेबलाकडे पाहिलं. मशीनचा लाल दिवा पेटलेला होता. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. आता वाजवणार असेल, असं तिला वाटलं असावं. तिने पदर आणखी घट्ट कोंबला. झुलालला उठून मशीन बंद करता आलं असतं. एवढा एक खोकला तरी मिळू दे, म्हणून तो बसून राहिला. फीत संपायच्या आत ती गेली.

दहावं झाल्यावर पार्वताबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा झुलाल मशीनपुढे बसला होता. फितीवर पंख्याची घरघर होती, रस्त्यावरच्या हातगाडीची घंटा होती, कमल नव्हती. त्या दुपारी दुसऱ्या मशीनमधून मागे पहिल्यात नेलेली वायर काढायला तो विसरला होता. त्यामुळे कर्ण्यातून त्याचाच आवाज फिरून फिरून येत होता, दर खेपेला थोडा बारीक होत. मशीन बंद शे, कमल. मशीन बंद शे.